जामीनदार आणायचा कुठून?

मध्यमवर्ग आटतोय म्हणून गळा काढू नका. तो बुडालेला नाही, वर गेलाय. हा युक्तिवाद अलीकडे मी लग्नाच्या पंगतीत ऐकला, निवृत्तांच्या कट्ट्यावर ऐकला आणि दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्याकडूनही ऐकला. भाचा आयटीत आहे, हुशार आहे, आणि मामाला वाईट वाटू नये म्हणून आकडे जरा हळू आवाजात सांगतो. भाकरीचा घास तोंडात असताना त्याला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतोय, त्याला आणि त्याच्यासारखाच हिशेब मांडणाऱ्या सगळ्यांना.

आधी त्यांचा हिशेब. तो मूळचा अमेरिकेचा. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या पाहणीनुसार १९७१ साली अमेरिकेतले ६१ टक्के प्रौढ मध्यम उत्पन्नाच्या घरांत राहत होते. २०२१ साली ५० टक्के. म्हणजे अकरा टक्के मधून उठले. त्याच काळात वरचा गट १४ वरून २१ वर गेला आणि खालचा २५ वरून २९ वर. अकरातले सात वर, चार खाली. नफ्याचाच सौदा की, असं भाचा म्हणतो.

अकरा बिऱ्हाडांतली सात बंगल्यात गेली आणि चार रस्त्यावर आली, तर त्याला वाड्याची भरभराट म्हणायची रीत आमच्याकडे नाही. ते असो. पण त्याच पाहणीतला पुढचा आकडा ही मंडळी सांगत नाहीत. अमेरिकेच्या एकूण घरगुती उत्पन्नात मधल्या गटाचा वाटा १९७० मध्ये ६२ टक्के होता, तो २०२० मध्ये ४२ वर आला. डोकी साधारण पाचव्या हिश्श्यानं घटली आणि ताटातला वाटा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं. जे मधेच राहिले, त्यांच्या ताटाचं काय झालं ते ज्याचं त्यानं बघावं.

आणि प्यूचंच म्हणणं प्रमाण मानायचं असेल तर त्यांनी २०२१ च्या मार्चमध्ये भारताबद्दल काय सांगितलं तेही ऐकावं. रोजी दहा ते वीस डॉलर खर्च करू शकणारा भारतीय मध्यमवर्ग कोरोना आला नसता तर ९.९ कोटींच्या घरात गेला असता. साथीच्या वर्षात तो ६.६ कोटींच्या आसपास राहिला, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षात गरिबांची संख्या साडेसात कोटींनी वाढली. मधून निसटलेले ते तीन कोटींवर लोक कुठल्या माडीवर चढले, हे भाच्यानं मला पुढच्या दिवाळीला सांगावं.

हे झालं आकड्यांचं. माझं खरं भांडण आकड्यांच्या आधीचं आहे. मध्यमवर्ग म्हणजे अमुक ते तमुक रुपयांच्या मधली माणसं, हे गृहीतच मला मान्य नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका नागरी पतसंस्थेत सव्वीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण कर्जाच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर दोन चौकोन असायचे: जामीनदार क्रमांक १, जामीनदार क्रमांक २. नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण, सोबत तीन महिन्यांचं पगारपत्रक आणि पगारातून कपातीची संमती. सहकार कायद्याचं कलम ४९ हेच सांगतं की अशी संमती दिली असेल तर मालकानं पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरायचा. त्यामुळे कर्जदार कोण, यापेक्षा आमचं लक्ष त्या दोन चौकोनांकडे जास्त. कर्जदार यंत्रमागावरचा असो, रिक्षावाला असो, भाजीवाली असो. चौकोनात पगाराचा माणूस असला की फॉर्म पुढे सरकायचा.

त्या टेबलावर बसून मध्यमवर्गाची जी व्याख्या मला कळली ती एवढीच: जो दुसऱ्यासाठी जामीन राहू शकतो तो. श्रीमंताकडे जामीन मागायला कोणी जात नाही, गरिबाचा जामीन कोणी घेत नाही. मधला माणूस राहतो. नाखुशीनं राहतो, घरी भांडण करून राहतो, ‘हप्ता थकला तर दारात येऊन बसेन’ असा दम देऊन राहतो, पण सही करतो. गल्लीत एखादाच असायचा असा. रेल्वेतला खलाशी, एसटीतला कंडक्टर, महापालिकेचा मुकादम, शाळेचा शिपाई, गिरणीतला फिटर. त्या एकाच्या सहीवर कोणाचा सेकंडहँड माग आला, कोणाच्या मुलीचं लग्न उरकलं, कोणाच्या पोरानं डीएड केलं. नियमाप्रमाणे एका माणसाला किती जणांचा जामीन राहता येतं याला मर्यादा होती, आणि ती मर्यादा संपलेले लोक माझ्यासमोर हात जोडायचे, ‘साहेब, एक डाव बघा की.’

आता ‘वर गेला’ या हिशेबातली चूक बघा. असा एक माणूस वर गेला की गणतीत एक वर जातो. गल्लीतून मात्र दहा जणांची पत जाते. गणती त्या एकाचीच होते, कारण उरलेले दहा आधीही खालच्याच रकान्यात होते आणि आताही तिथेच आहेत. कागदावर त्यांचं काहीच बिघडलेलं नाही.

हे शहाणपण या गावात एके काळी सरकारलाही होतं, आणि ते इतकं होतं की त्यापायी राज्यघटना बदलावी लागली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आमची जुनी मिल. १८७० च्या दशकात उभी राहिलेली, गावाला गिरणगाव करणारी. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनानं तिला टाळं लावलं. जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताक व्हायलाही काही दिवस बाकी असताना, केंद्र सरकारनं अध्यादेश काढून गिरणीचा कारभार हातात घेतला आणि मागोमाग संसदेनं तसा कायदा केला. एका गावातल्या एका गिरणीसाठी देशाच्या संसदेचा कायदा! कारणांत कापडाचं उत्पादन होतं आणि लोकांवर कोसळलेली बेकारीही होती. चिरंजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये ते हरले. मग द्वारकादास श्रीनिवास गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. न्यायालयानं हा कायदा घटनेत बसत नाही असं ठरवलं. अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती आली. कायद्याचे विद्यार्थी आजही संपत्तीच्या हक्काच्या धड्यात ‘शोलापूर मिल’ पाठ करतात. त्यातल्या किती जणांना सोलापूर नकाशावर दाखवता येईल, सिद्धेश्वरालाच ठाऊक.

सरकारनं केलं ते बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल. पुढे ती गिरणीही वाचली नाही. पण हजारो पगारपत्रकं एका दिवसात रद्दी झाली तर तो फक्त त्या हजारोंचा प्रश्न राहत नाही, ही समज त्या घाईमागे होती. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक कायमचे गप्प झाले तेव्हा कोणाला तेवढी घाई नव्हती. नव्या शतकाच्या तोंडावर सोलापूरचा पगारदार कामगार हा प्रकारच संपत आला होता.

गिरणी गेली तरी माग राहिले, धंदा कुठे गेला, असं इथले काही कारखानदार मला सुनावतात. खरं आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आजही यंत्रमागांचा खडखडाट आहे. टॉवेल परदेशी जातो. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात ते सगळ्यात आधी मिळवणाऱ्या वस्तूंत आमची चादर आणि टॉवेल होते. विणणाऱ्याला मात्र तसं काही मिळालं नाही. तो नगावर मजुरी घेतो. वीज गेली तर त्याचा रोज बुडतो, सूत महागलं की मालक माग निम्मे चालवतो. त्याच्या अंगावर मालकाची उचल असते, म्हणून कारखाना सोडायचीही सोय नसते. चांगल्या महिन्यात त्याची कमाई त्याच्या बापाच्या गिरणीतल्या पगारापेक्षा रुपयांत कितीतरी जास्त भरते. पण बापाला प्रॉव्हिडंट फंड होता, ग्रॅच्युइटी होती, महागाई भत्ता होता, ईएसआयचा दवाखाना होता, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हातात पडणारा एक छापील कागद होता. बाप जामीन राहत होता. मुलाला स्वतःसाठी जामीनदार लागतो. दोघांची कमाई एकाच तक्त्यात मांडून ‘प्रगती’ काढायची असेल तर काढावी.

‘घरं मिळाली ना पण?’ हा पुढचा सवाल. मिळाली, आणि त्याबद्दल मी कोणाला एक शब्द वाकडा बोलू देणार नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये डॉ. मनमोहन सिंग तिच्या चाव्या द्यायला आले. तिथेच मग असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं आणि १९ जानेवारी २०२४ ला नरेंद्र मोदींनी त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. दोन पंतप्रधान, दोन पक्ष, एकच कुंभारी. कामगार नेते आडम मास्तरांनी आणि त्या बायांनी त्यासाठी किती मोर्चे काढले, किती वर्षं घासली, हे गावानं पाहिलंय. पण घर मिळालं म्हणून विडीचा दर वाढला नाही. ठेकेदार पान कमी देतो आणि विड्या मोजून घेताना नापास करून बाजूला टाकतो, ते पक्क्या छताखालीही तसंच चालू राहतं. डोक्यावर छत आलं म्हणजे माणूस मधल्या वर्गात आला, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या वसाहतीत कोण कोणाचा जामीन राहतो ते जाऊन विचारावं.

सगळ्यात जास्त ज्याचा राग येतो तो मुद्दा पुढचा. लोक वर जातात हे मी नाकारत नाही. ते कशावर पाय ठेवून गेले, हे कोणी बघायलाच तयार नाही. सुशीलकुमार शिंदे याच गावचे, दलित घरातले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाला होते. नोकरी करत शिकले, फौजदार झाले, राजकारणात गेले, २००३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले. गावात कोणालाही विचारा, ही गोष्ट अभिमानानं सांगतील, आणि सांगताना भर देतील तो त्यांच्या जिद्दीवर. जिद्द होतीच. पण पायाखाली न्यायालयातली पट्टेवाल्याची पगारी जागाही होती. ती होती म्हणून संध्याकाळी पुस्तक उघडता आलं.

ती पायरी आज आहे का? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला की खासगी अनुदानित शाळांतली शिपायाची पदं जशी रिकामी होतील तशी संपवायची आणि त्याऐवजी शाळेला ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यायचा, महिना काही हजारांचा. म्हणजे शाळेत घंटा वाजवणारा माणूस राहील, पण नोकरदार नसेल. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी खात्यांतली पदं नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटानं भरायचा आदेश निघाला. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात तो मागे घेतला. शिक्षकाचं बघा. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं प्राथमिक शाळेत महिना सहा हजारांवर काढावी लागत, आणि ते सहा हजार वर्षानुवर्षं सहाच राहिले. २०२३ पासून सोळा हजार झाले. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले लोक चाळिशी ओलांडतात, तासांचे पैसे सहा-सहा महिन्यांनी घेतात, आणि लग्नाच्या बाजारात ‘प्राध्यापक’ असूनही पडून राहतात. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख तर नोकरदार घरांत पाठ आहे: त्याआधी लागला त्याला जुनी पेन्शन, नंतर लागला त्याला बाजाराच्या भरवशाची. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच खडूनं लिहिणारे दोन वर्ग. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला.

पायऱ्या कमी झाल्या की त्यांच्यापाशी गर्दी किती होते, हे त्याच वर्षी तलाठी भरतीनं दाखवलं. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर. अर्जाची फी हजार रुपये, आरक्षणातल्यांना नऊशे. माझ्या टेबलासमोर त्या फीसाठी उसने पैसे मागायला आलेली पोरं बसलेली मी पाहिली आहेत. वर जायची वाट मोकळी असती तर ही पोरं तलाठ्याच्या दाराशी का बसली असती?

आता पुण्याचा मुद्दा. भाच्याचा हा हुकमी एक्का. ‘मामा, सोलापूरचा मध्यमवर्ग आटलेला नाही, तो हडपसरला आणि मोशीला आहे. माणसानं गाव सोडणं यात नवं काय? तुमचं सोलापूर तरी कोणी वसवलं?’ इथे मला क्षणभर गप्प बसावं लागतं, कारण तो बरोबर आहे. हे गाव बाहेरच्यांनी वसवलं. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून आले, मराठवाड्याच्या दुष्काळातून आले. आमच्या पूर्व भागात आजही सकाळी तेलुगूत भांडण ऐकून जाग येते. कोणी गाव सोडलं म्हणून मी त्याला बोल लावणार नाही.

फरक एवढाच की ते आले तेव्हा हे गाव त्यांना पगारपत्रक देत होतं. आज गावाकडे द्यायला पगारपत्रक नाही म्हणून गाव सोडावं लागतं, आणि जो सोडू शकतो तोच सोडतो. पुण्याची गाडी सगळ्यांसाठी एकच असते, पण इंजिनिअरिंगची फी भरलेला तिच्यातून उतरून कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि मागावरच्याचा पोरगा सुरक्षारक्षकाच्या गणवेशात गेटवर उभा राहतो. गणवेशाचा उल्लेख उगाच केला नाही. तो बहुधा सोलापूरलाच शिवलेला असतो. गणवेश शिवण्याचं आमचं नाव आता एवढं झालंय की २०१७ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं.

आणि पैसा? पूर्वी बाहेर गेलेला मुलगा गावाकडे मनीऑर्डर करायचा. आता माझ्या ओळखीतल्या निदान चार घरांनी जुळे सोलापुरातला प्लॉट विकून मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट भरलंय. आयुष्यभराची पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि प्लॉट, सगळं हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला. (ती गाडी ज्या चौघांच्या नावानं धावते ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. एवढ्या वेगवेगळ्या घरांतली माणसं एका गावासाठी उभी राहत होती, हे आता गाडीच्या पाटीवरच वाचायला मिळतं.) मागे राहतात ते सत्तरीचे आई-वडील आणि कुलूप घातलेला वरचा मजला. भाचा याला ‘वर जाणं’ म्हणतो. गाडीत बसताना कोण कोणाचा जामीन मागे सोडून गेलं, याची नोंद रेल्वे ठेवत नाही.

दुसरी एक मंडळी उलटंच सांगतात. मध्यमवर्ग आटतोय कुठला, फुगतोय! प्राइस नावाच्या संशोधन संस्थेच्या हिशेबात वर्षाला पाच ते तीस लाख कमावणारं घर मध्यमवर्गीय. २०२०-२१ मध्ये असे ३१ टक्के लोक होते आणि २०४७ पर्यंत ते ६१ टक्के होतील. होवोत. पण पाच लाख आणि तीस लाख एकाच पोत्यात घालणाऱ्या व्याख्येवर मी आमच्या संस्थेत सही केली असती तर लेखापरीक्षकानं मला घरी पाठवलं असतं. महिना बेचाळीस हजारांत बसणारं घर आणि अडीच लाखांचं घर यांच्यात साम्य एवढंच की दोघंही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतात.

म्हणवून घेण्यावरून आठवलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही असं जाहीर झालं आणि सगळीकडे एकच मथळा: मध्यमवर्गाला दिलासा. बारा लाख म्हणजे महिना एक लाख. आता सरकारचीच २०२३-२४ ची घरगुती खर्चाची पाहणी घ्या. शहरी भारतात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये. चौघांच्या घराला अठ्ठावीस हजार. देशाच्या शहरी घराचा खरा मध्य कुठे आहे ते यावरून कळतं. लाखाच्या घरातल्याला मध्यमवर्ग म्हणायचं, आणि अठ्ठावीस हजारांवरच्याचं नावच घ्यायचं नाही. शब्द वर सरकला आहे, माणसं तिथेच आहेत.

श्रमशक्तीच्या सरकारी पाहणीत तर ते पांढऱ्यावर काळं लिहिलंय. देशातल्या काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारावरचे २०१७-१८ मध्ये २२.८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये २१.७. स्वयंरोजगारातले ५२.२ वरून ५८.४ वर. याला उद्योजकता म्हणतात. त्यात घरच्या दुकानात, शेतात बिनपगारी राबणारी बायका-पोरंही मोजलेली असतात, हे मात्र हळूच सांगतात. ज्या सहा-सात वर्षांत अर्थव्यवस्था वाढल्याचे डंके वाजले, त्याच काळात पगारपत्रक असणाऱ्यांचं प्रमाण घटलं. माझ्या दोन चौकोनांत नाव लिहायला माणूस मिळत नव्हता तो का, याचं उत्तर दिल्लीच्या त्या तक्त्यात आहे.

एक आक्षेप मात्र मी आदरानं घेतो, कारण तो घेणारे माझ्याच बाजूचे आहेत. ते म्हणतात, तुमचा मध्यमवर्ग म्हणजे काय होतं हो? पेठांतल्या चार जातींचा क्लब. तो मोडला तर आम्ही का रडायचं? क्लबापुरतं त्यांचं खरं आहे. त्या क्लबासाठी मीही अश्रू ढाळणार नाही. गिरण्याही काही समतेच्या पंढऱ्या नव्हत्या. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे म्हणून विणाई खात्यात दलितांना उभं करत नसत, आणि १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांना तो प्रश्न मांडावा लागला. पण म्हणूनच विचारतो: ज्या काळात ही दारं थोडी उघडली, राखीव जागांतून पहिल्या पिढीचा कारकून, पहिला शिक्षक, पहिला मुकादम त्या घरांत तयार व्हायला लागला, नेमक्या त्याच काळात ती जागाच कंत्राटी का झाली? जुन्या मध्यमवर्गाची पोरं अमेरिकेत पोचली. त्यांना ही पायरी आता नकोच आहे. पायरी काढल्याचा तोटा होतो तो नव्यानं जिना चढायला आलेल्याला. क्लब मोडल्याचा आनंद साजरा करताना कुलूप कोणाच्या नाकावर लागलं ते बघावं.

मध्यमवर्गाची बाजू घेतोय म्हणजे त्याचे गुण गातोय असं कोणी समजू नये. सोलापूरच्या नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. उजनी धरणात पाणी असलं तरी येतं तसंच येतं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं तेव्हा ढोल वाजले. पाण्याचा वार तोच राहिला. आणि या गावातला जो काही मध्यमवर्ग उरलाय त्यानं काय केलं? बोअर मारला, टाकी वाढवली, टँकर बांधून घेतला. महापालिकेच्या शाळेतून पोरं कधीच काढली होती. ज्यांना अर्ज लिहिता येत होता, माहितीचा अधिकार वापरता येत होता, नगरसेवकाला नावानिशी विचारता येत होतं, ते रांगेतून निघून गेले, आणि रांगेत उरले ते ज्यांचं कोणी ऐकत नाही. म्हणजे हा वर्ग नुसता संख्येनं आटला नाही, तर गावातूनही उठून गेला, काही पुण्याला आणि काही आपल्याच कंपाउंडच्या आत. दुसऱ्याच्या फॉर्मवर सही करायची त्याची सवयच मोडली.

मग मागणं काय? सरकारी योजनेतून पंधराशे रुपये महिना देऊन हे भरून येत नाही. ते पैसे गरजेचे असतील, माझी त्याला हरकत नाही, पण खात्यावर आलेल्या मदतीवर कोणाला जामीन राहता येत नाही. मागणं साधं आहे. शाळांतली, दवाखान्यांतली, पालिकेतली रिकामी पदं कायमची भरा. शिपाई भत्ता बंद करून शिपाई परत नेमा. यंत्रमागावरच्या प्रत्येक माणसाला हजेरी आणि मजुरीची छापील पावती मिळालीच पाहिजे, आणि मालकाला ते परवडत नसेल तर सूत, वीज आणि करात त्याचं काय अडतंय ते सरकारनं त्याच्याशी बसून सोडवावं. जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान जातं याचा मला आनंद आहे. त्या विमानासाठी २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा गाव कसं दुभंगलं होतं ते आठवतं. गिरण्यांसाठी त्याच्या चौथ्या हिश्श्याचं भांडण झालं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एक विडी कामगार बाई आल्या होत्या. पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी चाळीस हजार हवे होते. फॉर्म भरला, शेवटचं पान आलं. मी चौकोनावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “साहेब, जामीनदार आणू कुठनं? आमच्या गल्लीत पगाराचा माणूस हाय कोण आता?” मी नियम सांगितला. त्यांनी गळ्यातलं काढून टेबलावर ठेवलं.

सोनेतारणाला जामीनदार लागत नाही. आमच्या संस्थेनं गेल्या वर्षी त्याची वेगळी खिडकी उघडली. ती सकाळी साडेदहाला सुरू होते, आणि रांग दहालाच लागलेली असते.